'नाही' म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं? १९५० नंतरच्या सत्ताविभाजनाविषयी

प्रश्न पुण्याच्या शास्त्री रोडवरच्या एका अभ्यासिकेतून आला आहे. विचारणारी मुलगी बीड जिल्ह्यातली, राज्यसेवेची तयारी करते. ती लिहिते: "सर, एका पुस्तकात आहे की भारतात सत्ताविभाजन नाही. दुसऱ्यात आहे की ते राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. देश नवा होता तेव्हा, म्हणजे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सरकार, संसद आणि न्यायालय यांच्या हद्दी प्रत्यक्षात ठरल्या कशा? मुख्य परीक्षेत काय लिहू?"

दोन्ही पुस्तकं खरं सांगतात, फक्त वेगवेगळ्या काळाविषयी. मूलभूत चौकटीची भाषा १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासूनची. तुझा प्रश्न त्याच्या वीस-बावीस वर्षं आधीचा आहे आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे. मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात ३४ वर्षं वकिली करतो. बहुतेक कामं जमिनीची आणि कुळांची, थोडी फौजदारी. काही वर्षं संध्याकाळच्या वर्गात राज्यघटनाही शिकवली. तेव्हा मुलांच्या वह्यांत तीन वर्तुळांची आकृती दिसायची: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. ती आकृती बाजूला ठेव. पहिल्या वर्षांकडे बघताना दोनच गोष्टी शोध. कोणी कोणाला 'नाही' म्हटलं, आणि ज्याला 'नाही' ऐकावं लागलं त्याने दुसऱ्या दिवशी काय केलं.

आधी मजकुराचं बघू, कारण तिथे फारसं काही हाती लागत नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली होती की राज्याच्या तीन प्रमुख अंगांमध्ये संपूर्ण सत्ताविभाजन असावं. समितीने ती फेटाळली. मंत्रिमंडळ संसदेतूनच निवडायचं आणि संसदेलाच जबाबदार ठेवायचं हे ठरल्यावर 'संपूर्ण' विभाजनाला जागाच उरत नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ही निवड समजावून सांगितली आहे: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे. मंत्र्याला रोज प्रश्न विचारता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार. उरलं ते कलम ५०. न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्यासाठी राज्याने पावलं उचलावीत, एवढंच ते सांगतं. मूळ प्रस्तावात त्याला तीन वर्षांची मुदत होती, ती चर्चेत गळाली. हे कलम लक्षात ठेव, पुण्याच्या संदर्भात त्याच्याकडे परत येणार आहे.

सुरुवातीला माणसंही तीच होती आणि इमारतही तीच. घटना समिती एका भूमिकेत राज्यघटना लिहीत होती आणि दुसऱ्या भूमिकेत कायदे करत होती. पहिल्या कामाला अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, दुसऱ्याला नोव्हेंबर १९४७ पासून गणेश वासुदेव मावळणकर. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ केंद्रात मंत्री होते आणि घटना समितीचे सदस्यही. २६ जानेवारी १९५० ला हीच समिती हंगामी संसद झाली आणि १९५२ च्या निवडणुकीनंतरची संसद येईपर्यंत तिनेच काम पाहिलं. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. २८ जानेवारी १९५० ला सुप्रीम कोर्टाचं उद्घाटन झालं ते संसद भवनातल्याच नरेंद्र मंडळाच्या दालनात, आणि १९५८ पर्यंत ते तिथेच बसत होतं. संसदेने केलेला कायदा घटनाबाह्य आहे हे सांगणारं न्यायालय आठ वर्षं संसदेच्याच छपराखाली होतं. (अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट तर १९३५ पर्यंत त्यांच्या संसदेच्या इमारतीत होतं.)

अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर थोडं थांबू, कारण 'अमेरिकेत पहिल्या दिवसापासून कडक विभाजन होतं' हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत फार वेळा वाचलं आहे. तिथेही हद्दी हळूहळूच पडल्या. १७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्धात तटस्थ कसं राहायचं, याविषयी अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारने सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना २९ प्रश्न पाठवले. न्यायाधीशांनी नम्रपणे उत्तर दिलं की खटल्याबाहेर सल्ला देणं आमचं काम नाही. संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवायला त्यांना १८०३ उजाडलं. जेफर्सन अध्यक्ष असताना अडकलेली आपली सरकारी नेमणूक मागायला मारबरी कोर्टात आला होता. त्या खटल्यात मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं की मारबरीला नेमणुकीचा हक्क आहे, पण ज्या कायद्याच्या आधारे तो आमच्याकडे आला तो कायदाच रद्द आहे, म्हणून आम्ही आदेश देऊ शकत नाही. म्हणजे जेफर्सन सरकारला पाळण्यासारखं काही उरलंच नाही. न पाळला जाण्याची शक्यता असलेला आदेश कोर्टाने दिलाच नाही.

आपल्याकडे घटनाकारांनी हे प्रश्न लिहूनच सोडवले होते. हक्कांशी विसंगत कायदा रद्द, हे कलम १३ मध्ये. थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क कलम ३२ मध्ये. आणि राष्ट्रपतींनी सल्ला मागायची सोय कलम १४३ मध्ये. त्यामुळे अमेरिकेला १४ वर्षं लागली ती गोष्ट इथे चार महिन्यांच्या आत घडली.

ती घडली ए. के. गोपालन यांच्या खटल्यात. कम्युनिस्ट नेते गोपालन मद्रास प्रांतात तुरुंगात होते. प्रजासत्ताक होऊन महिना झाला नाही तोच हंगामी संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला होता. तुझ्या पुस्तकात हा खटला 'सरकार जिंकलं' म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे: १९ मे १९५० ला सहापैकी चार न्यायाधीशांनी कायदा मुख्यत्वे टिकवला, फाजल अली आणि महाजन यांनी भिन्नमत दिलं. पण त्याच निकालातला दुसरा भाग वाच. त्या कायद्याचं कलम १४ असं होतं की स्थानबद्ध माणसाला ज्या कारणांसाठी डांबलं ती कारणं कोर्टापुढे उघड करायची नाहीत. करणं हा गुन्हा. म्हणजे माणूस कोर्टात येईल, वकील उभा राहील, पण ज्यावर निर्णय द्यायचा तो कागदच न्यायाधीशाने पाहायचा नाही. कलम १४ रद्द, यावर सहाही न्यायाधीशांचं एकमत झालं.

वकील म्हणून मला ही त्या काळातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ वाटते. माणसाला डांबायचं की नाही याचा अधिकार संसदेने सरकारला द्यावा, ठीक. पण न्यायाधीशाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचा अधिकार संसदेलाही नाही. आणि सरकारने ते मानलं. स्थानबद्धतेचा कायदा राहिला, न्यायाधीशावरची बंदी गेली. तेच गोपालन १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले आणि विरोधी बाकांवर आपल्या पक्षाच्या गटाचं नेतृत्व करू लागले. तुरुंग, कोर्ट आणि संसद असा एका माणसाचा प्रवास दोन वर्षांत झाला, यातच त्या व्यवस्थेची पहिली परीक्षा झाली असं मी मानतो.

यानंतर धक्के लागोपाठ आले. गोपालन निकालानंतर आठवड्याभरात 'क्रॉसरोड्स' या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकावरची मद्रासमधली बंदी आणि दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'वरची पूर्वतपासणी कोर्टाने रद्द केली. एक डावं, एक उजवं, निकाल एकाच दिवशी. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रासमधलं जातवार प्रवेशाचं सरकारी फर्मान चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केलं. नेहरू सरकारच्या दृष्टीने हे मोठे पराभव होते, कारण जमीन आणि शिक्षण हीच त्यांची मुख्य वचनं होती.

दुसऱ्या दिवशी काय केलं? न्यायाधीश बदलले नाहीत, निकाल धाब्यावर बसवले नाहीत. राज्यघटना बदलली. १२ मे १९५१ ला विधेयक मांडलं, २ जूनला २२८ विरुद्ध २० मतांनी ते मंजूर झालं आणि १८ जूनला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ही पहिली घटनादुरुस्ती. तिने भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनांची कारणं वाढवली, मागासवर्गीयांसाठी कलम १५(४) आणलं, आणि नववं परिशिष्ट जोडलं, ज्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कारणावरून रद्द होऊ शकणार नव्हता.

त्या परिशिष्टातले पहिले १३ कायदे कोणते, हे परीक्षेत कोणी विचारत नाही. तू मात्र यादी काढून वाच. तेरापैकी सहा मुंबई राज्याचे होते. त्यात १९४८ चा कूळकायदा, १९५० चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि परगणा व कुलकर्णी वतन रद्द करणारा कायदा. शेवटचे दोन हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्यांविषयीचे, म्हणजे तुझ्या बीडकडचे. कोकणातला खोत, देशावरचा वतनदार कुलकर्णी, मराठवाड्यातला जहागीरदार, सगळे त्या एका परिशिष्टात आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणाची जमीन गेली आणि कोणाला मिळाली, याचं उत्तर त्या तेरा नोंदींत सापडेल.

या दुरुस्तीबद्दल माझं मत दोन तुकड्यांत आहे आणि ते जुळवायचा प्रयत्न मी सोडला आहे. जमिनीच्या बाबतीत घाई समजण्यासारखी होती. कोर्टात एक तारीख पडते तेवढ्यात कूळ जमिनीवरून हाकललं जातं. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि १९५१ मध्ये ते किती प्रमाणात होत असेल याची कल्पना येते. भाषणस्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र ही घाई मला पटत नाही. प्रौढ मतदानाने निवडून न आलेलं, एकाच सभागृहाचं हंगामी मंडळ, आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू होणार. पाच महिने थांबता आलं असतं. श्यामाप्रसाद मुखर्जींनी सभागृहात जोरदार विरोध केला. प्रवर समितीत एक शब्द मात्र आत आला: बंधनं 'वाजवी' असली पाहिजेत. त्या एका शब्दाने कोर्टाचा दरवाजा उघडा राहिला, कारण वाजवी काय हे शेवटी न्यायाधीश ठरवतो. आजही भाषणस्वातंत्र्याच्या प्रत्येक खटल्यात आम्ही त्याच शब्दावर भांडतो.

मग चेंडू कोर्टाकडे आला. जमीनदारांनी म्हटलं, हंगामी संसदेला घटना बदलायचा अधिकारच नाही. ५ ऑक्टोबर १९५१ च्या शंकरी प्रसाद निकालात पाच न्यायाधीशांनी एकमताने दुरुस्ती वैध ठरवली. ज्यांचे निकाल तिने पुसले होते, त्यांच्याच कोर्टाने. १९६७ आणि १९७३ मध्ये कोर्टाची भूमिका बदलली, ती वेगळी कथा. पण १९५० ते १९५१ या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी एकेकदा हार स्वीकारली, आणि दोन्ही वेळा राज्यघटनेने दिलेल्या वाटेनेच पुढचं पाऊल टाकलं.

'दिल्ली लॉज ॲक्ट' (Delhi Laws Act) प्रकरण (मे १९५१) थोडक्यात सांगतो. कायदे करायचा आपला अधिकार संसद सरकारकडे किती सोपवू शकते, असा सल्ला राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली मागितला. कलम १४३ चा हा पहिलाच वापर. सात न्यायाधीशांनी सात वेगळी मतं लिहिली, त्यामुळे ते वाचताना डोकं दुखतं. सार एवढंच: तपशील सोपवता येतो, धोरण सोपवता येत नाही, आणि अस्तित्वात असलेला कायदा रद्द करायचा किंवा बदलायचा अधिकार सरकारला देता येत नाही.

सरकारच्या आतल्या हद्दीही याच काळात पडल्या. सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी हिंदू कोड बिलावर स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायची इच्छा नेहरूंना कळवली. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत घेतलं. दोघांनीही सांगितलं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. राजेंद्र प्रसादांना ते पटलं नसावं, कारण पुढे १९६० मध्ये त्यांनी जाहीरपणे हा विषय पुन्हा काढला. पण पदावर असताना त्यांनी सल्ला मोडला नाही.

आणि मावळणकर. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, आयुष्य अहमदाबादेत गेलं. लोकसभेचे अध्यक्ष असताना त्यांनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना वटहुकमांविरुद्ध पत्रं लिहिली. सभागृह भरायच्या तोंडावर वटहुकूम काढणं लोकशाहीला धरून नाही, अगदी निकड असेल तरच तो काढावा, हे त्यांचं म्हणणं. विरोधकांनी त्यांच्यावरही डिसेंबर १९५४ मध्ये पदावरून दूर करण्याचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. सरकार त्यांचं सगळं ऐकत होतं असं नाही, वटहुकूम निघतच राहिले. पण सभागृहाच्या वतीने सरकारला लेखी 'नाही' म्हणणारा अध्यक्ष पहिल्याच लोकसभेला मिळाला, हे उत्तरात यायलाच हवं.

इथपर्यंत दिल्ली झाली. आता पुणं, कारण सत्ताविभाजन सामान्य माणसाला भेटतं ते तालुक्याच्या गावी.

सत्ताधाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा विषय निघाला की पुण्यात रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव निघतंच. नारायणरावांच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. मला त्या गोष्टीत नेहमी दुसरं वाक्य टोचतं. 'नाही' म्हणणाऱ्या न्यायाधीशाला शहर सोडावं लागलं. त्यांच्याकडे धैर्य होतं, संरक्षण नव्हतं. ज्या व्यवस्थेत साधा दुसऱ्या वर्गाचा न्यायदंडाधिकारी 'नाही' म्हणून संध्याकाळी आपल्याच घरी जाऊ शकतो, तिला मी विभाजन म्हणेन.

इंग्रजी अमलात ते नव्हतं. कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट, प्रांत हा उपविभागीय मॅजिस्ट्रेट, मामलेदार हा तालुक्याचा मॅजिस्ट्रेट. ज्याने शेतसारा वसूल करायचा, ज्याच्या कानाशी पोलीस लागलेले, तोच फौजदारी खटला चालवून शिक्षा देणार. साहेब फिरतीवर असला की पक्षकार आणि साक्षीदार त्याच्या मुक्कामामागे गावोगाव हिंडणार. हे दोन अधिकार वेगळे करा, ही मागणी काँग्रेसने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात ठराव करून केली होती. पहिलं अधिवेशन पुण्यात भरणार होतं, ते पटकीच्या साथीमुळे मुंबईला गेलं. म्हणजे मागणी जवळजवळ काँग्रेसइतकीच जुनी. स्वराज्य आल्यावर मुंबई राज्याने १९५१ मध्ये न्यायिक आणि कार्यकारी कामं वेगळी करणारा कायदा केला आणि तो १ जुलै १९५३ पासून लागू झाला. न्यायदंडाधिकारी सेशन्स जज्ज आणि हायकोर्टाच्या हाताखाली गेले, कार्यकारी दंडाधिकारी सरकारकडे राहिले. देशभर हीच रचना आणणारी नवी फौजदारी संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. म्हणजे कलम ५० च्या बाबतीत आपलं राज्य वीस वर्षं पुढे होतं. पहिल्या वर्षांवरच्या उत्तरात चंपकम आणि गोपालन सगळेच लिहितील. ही ओळ फार थोडे लिहितील.

याच्या जोडीला आणखी एक बदल झाला होता, पुणेकरांसाठी फार मोठा. १९५० आधी हायकोर्टाचे रिटचे, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला थेट आदेश देण्याचे, अधिकार मुख्यतः मुंबई शहराच्या हद्दीपुरते होते. हेबिअस कॉर्पसची (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, या आदेशाची) सोय फौजदारी संहितेत होती तेवढी सोडली, तर पुण्याच्या माणसाला सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध तशी रिट मागता येत नव्हती. कलम २२६ ने ती भिंत एका दिवसात पाडली. खेडच्या किंवा इंदापूरच्या शेतकऱ्याला २६ जानेवारी १९५० ला काय मिळालं, असं कोणी विचारलं तर मी मतदानाच्या हक्काआधी हे सांगतो.

पण त्याच वर्षांत एक उलटी वाटही पडली, आणि माझं अर्धं आयुष्य तिच्यावर गेलं आहे. कूळकायद्याने कूळ कोण, जमीन कोणाच्या ताब्यात, किंमत किती, हे सगळं ठरवायचं काम दिवाणी कोर्टाकडून काढून मामलेदाराकडे दिलं. कलम ८५ ने दिवाणी कोर्टाला मनाई केली. पुढे ८५-अ ने सांगितलं की दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला तर तो मामलेदाराकडे पाठवा. वर अपील प्रांताकडे, मग महसूल न्यायाधिकरण. फौजदारीत मामलेदाराच्या डोक्यावरची न्यायाधीशाची पगडी काढली, जमिनीत तीच पुन्हा घातली.

कारण खरं होतं. दिवाणी कोर्टाचा खर्च आणि वेळ कुळाला झेपणारा नव्हता, आणि शहरात वकील लावायची ऐपत जमीनमालकाचीच होती. १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कागदोपत्री लाखो कुळं मालक झाली ती या स्वस्त व्यवस्थेमुळेच. तरी मी एक प्रकरण पाहिलं आहे, मुळशीकडचं. मामलेदाराकडून प्रांताकडे, तिथून न्यायाधिकरणाकडे, फेरचौकशीला परत खाली, आणि मधल्या काळात मामलेदार बदलले ते मोजायचंही आम्ही सोडलं. कधी निवडणुकीची कामं, कधी टंचाईचा दौरा, कधी मंत्र्यांचा बंदोबस्त, तारीख पुढे. माझा मूळ पक्षकार ते प्रकरण संपायच्या आधी गेला. त्या अधिकाऱ्यांतला कोणी वाईट नव्हता. त्यांच्याकडे निवाडा हे दहा कामांतलं एक काम होतं.

फौजदारीतही सगळं वेगळं झालेलं नाही. शांतता राखण्याचा जामीन घेणं, ज्याला आपण 'चॅप्टर केस' म्हणतो, ते काम कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेच राहिलं. पुण्यात १९६५ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरात सहायक पोलीस आयुक्तच दंडाधिकारी म्हणून हे काम करतात. पोलीस ठाण्याने पाठवलेला माणूस पोलीस अधिकाऱ्यासमोरच उभा राहतो. १९७४ ला लागू झालेल्या संहितेतलं कलम १०७ आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ झालं, रचना तीच आहे. माझ्या मते कलम ५० चं काम इथे अपुरं आहे आणि ते पूर्ण व्हायला हवं.

शेवटी तो निकाल, ज्याच्यावरून तुझ्या पहिल्या पुस्तकाने 'भारतात सत्ताविभाजन नाही' असं लिहिलं असावं: राम जवाया कपूर विरुद्ध पंजाब राज्य, एप्रिल १९५५. वाद शाळेच्या पुस्तकांचा होता. पंजाब सरकारने कोणताही कायदा न करता पाठ्यपुस्तकं स्वतः छापायला सुरुवात केली, खासगी प्रकाशकांचा धंदा बसला, ते कोर्टात गेले: कायद्याशिवाय सरकारला हा अधिकार आला कुठून? मुख्य न्यायाधीश बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलं की आपल्या राज्यघटनेने सत्ताविभाजन त्याच्या पूर्ण कडकपणासह स्वीकारलेलं नाही, पण प्रत्येक अंगाची कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत, आणि एका अंगाने दुसऱ्याचं मुख्य काम हाती घेणं घटनेला अपेक्षित नाही. खर्चाला विधिमंडळाची मंजुरी आहे आणि कोणाचा हक्क मोडत नाही, तर सरकार प्रत्येक गोष्टीसाठी आधी कायदा करायला बांधलेलं नाही. आपलं पुस्तक निवडलं जाईल ही प्रकाशकांची आशा होती, हक्क नव्हता. याचिका फेटाळली. आपली बालभारती १९६७ ची. सेनापती बापट रोडवरून जाताना तिची इमारत दिसली की मला हा निकाल आठवतो. परीक्षार्थी त्यातलं पहिलं अर्ध वाक्य पाठ करतात. तू दोन्ही अर्धी लिही, आणि वाद पुस्तकांचा होता हेही लिही, म्हणजे तपासणाऱ्याला कळेल की तू निकाल वाचला आहेस.

उत्तराचा क्रम तुझा तू ठरव. मी असतो तर शहांच्या फेटाळलेल्या दुरुस्तीपासून सुरू केलं असतं, गोपालनमधल्या कलम १४ ला एक परिच्छेद दिला असता, पहिल्या घटनादुरुस्तीत बीडच्या जहागिऱ्या आणि 'वाजवी' हा शब्द घातला असता, आणि १ जुलै १९५३ विसरलो नसतो. अभ्यासाच्या धबडग्यात एक सकाळ काढता आली तर शिवाजीनगरला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बस, आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तहसील कार्यालयात कुळाच्या प्रकरणाची सुनावणी असेल ती बघ. साडेअकराच्या आत पोहोच. खुल्या कोर्टात बसायला कोणाची परवानगी लागत नाही. मोबाईल तेवढा बंद ठेव.